आधी बाग, मग पेला : सेंद्रिय व्हाइट वाइनच्या अभ्यासाची प्रस्तावना

वाइनविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक दोन ठिकाणांहून लिहिलेले असते. एक म्हणजे जेवणाचे टेबल : कोणत्या माशाबरोबर कोणती वाइन, किती थंड, कोणत्या पेल्यात. दुसरे म्हणजे विधिमंडळ : परवाना, महसूल, दारूबंदी. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमधून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जे रण माजले त्यात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव पुष्कळ घेतले. त्या शेतकऱ्याच्या बागेत वर्षभर काय चालते, वेलीवर काय फवारले जाते, कशासाठी आणि किती, हे मात्र त्या चर्चेत क्वचितच आले. पुढच्या पानांतले लेख या तिसऱ्या ठिकाणाहून, म्हणजे बागेतून, लिहिले आहेत. ज्यांनी आयुष्यात वाइनचा थेंबही घेतलेला नाही आणि पुढेही घ्यायचा नाही, त्यांचेही या अभ्यासात मनापासून स्वागत आहे. इथे लागते ती जिभेपेक्षा शेतीची आणि इतिहासाची ओढ.

ही प्रस्तावना जुहूत बसून लिहितो आहे. द्राक्षाशी जुहूचा काही संबंध नाही. खारे वारे आणि रेती यांत वाइनची वेल तगायची नाही. पण आंबवलेल्या रसाचा इतिहास इथे आहे. हॉटेले आणि बंगले उठण्याआधी या किनाऱ्यावर माडांच्या बागा होत्या, आणि माडाची माडी काढणे हा मुंबई-साष्टीच्या भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढेल तशी ती फेसाळते, दुपारपर्यंत तिची माडी होते. हे काम करणारे यीस्ट हवेत आणि मडक्याच्या भिंतीवरच असते. मडक्याला आतून चुना फासला तर ते काम लांबते. हे ज्ञान इथे अनेक पिढ्या होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडांवर कर बसवला, गाळण्यावर नियंत्रण आणले, आणि हळूहळू तो व्यवसाय मोडत गेला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तोच कायदा आजही वेगळ्या नावाने लागू आहे आणि जुहूच्या समुद्रासमोरच्या हॉटेलात दिला जाणारा प्रत्येक पेला कागदोपत्री त्याच्याच कक्षेत येतो. मद्याचा अभ्यास करायचा तर कर आणि कायदा बाजूला ठेवता येत नाहीत, हे या किनाऱ्याच्या इतिहासातून नीट कळते. आज त्या हॉटेलांच्या यादीत फ्रान्सच्या पांढऱ्या वाइनशेजारी नाशिकची वाइन छापलेली असते. त्या दोन ओळींच्या मागे कोणती दोन शेते आहेत, हा आपला प्रश्न.

फ्रान्सचे जे गाव मी उदाहरणासाठी निवडतो ते सॅव्हेनिएर. लुआर नदीच्या उत्तर काठावर, आँजे शहराच्या नैऋत्येला थोड्या अंतरावर हे लहानसे गाव आहे. जमीन पातळ, खडकाळ, पाटीसारख्या थरांच्या दगडाची. द्राक्षाचे वाण एकच : शेनिन ब्लाँ. १९५२ मध्ये गावाच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले. म्हणजे त्या हद्दीत, त्या वाणापासून, त्या नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येते. गावातला सर्वांत नावाजलेला मळा कुले द सेराँ अवघा ७ हेक्टरांचा आहे. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकात तिथे वेली लावल्या. क्युर्नोन्स्की या फ्रेंच खाद्यलेखकाने फ्रान्सच्या पाच श्रेष्ठ पांढऱ्या वाइन निवडल्या, त्यांत या मळ्याला स्थान दिले.

या मळ्याचे मालक निकोला जोली आधी बँकेत होते. १९७० च्या दशकात घरी परतल्यावर त्यांनी काही काळ तणनाशक आणि रासायनिक खतांची वाट धरली. मातीचा रंग आणि पोत बदलतो आहे, जमिनीतले किडेमुंग्या नाहीसे होत आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. १९८४ पासून सगळा मळा त्यांनी जैवगतिशील पद्धतीने करायला घेतला. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघालेली ही पद्धत. तिच्यात गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरतात, आणि त्याचे खत चिमूटभर प्रमाणात पाण्यात घुसळून शिंपडतात. फ्रान्समध्ये अशा वाटेने जाणारे जोली एकटे नाहीत. बरगंडीच्या प्युलिनी-मॉंत्राशे या लहान पण जगभर मान असलेल्या गावात आन-क्लोद लफ्लैव्ह यांनी १९९० च्या दशकात घराण्याची सगळी बाग या पद्धतीवर नेली. यातले चंद्राचे पंचांग पाळल्याने द्राक्ष सुधारते, हे प्रयोगाने सिद्ध झालेले आहे असे मी मानत नाही. पण ते पंचांग पाळणारा माणूस रोज बागेत जातो, पान उलटून बघतो, आणि रोग पसरण्याआधी त्याला सापडतो. या बागांच्या यशात या शिस्तीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला सॅव्हेनिएर जवळचे वाटावे याला एक ठोस कारण आहे. तिथली शेनिन ब्लाँ हीच महाराष्ट्रातल्या व्हाइट वाइनची मुख्य वेल आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन करून परदेशी पाठवली. आपल्याकडच्या आधुनिक वाइनची ती सुरुवात. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सुलाच्या मळ्यात शेनिन आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ लावली, आणि २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. नंतर तेजी आली, २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली, टाक्या भरून राहिल्या आणि अनेकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. हा आर्थिक इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच लक्षात घ्यावे की या सगळ्या पडझडीत शेनिन टिकली. ती उत्पन्न चांगले देते, आणि उन्हातही आम्लता बऱ्यापैकी धरून ठेवते.

आम्लतेचा हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पांढऱ्या वाइनचा सगळा जीव त्यात असतो. मण्यात साखर वाढत जाते तसतसे आम्ल घटते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की १ टक्का अल्कोहोल तयार होते, त्यामुळे रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर २२ ब्रिक्स दिसले की मद्याची ताकद पुरेशी येणार हे कळते. पण तोवर आम्ल उरले पाहिजे. रात्र उबदार असली की वेल मण्यातले मॅलिक आम्ल जाळत राहते. रात्र गार असली की ते वाचते. सॅव्हेनिएरला द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात. तेव्हा दिवस लहान होत असतात, रोज थोडा गारवा वाढत असतो. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. म्हणजे आपले द्राक्ष पिकते तेव्हा दिवस मोठा होत असतो आणि ऊन तापत असते. वाण तेच, वाट उलटी. नाशिकची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंची आणि माघातल्या गार रात्री आपल्या मदतीला येतात, म्हणून तर तिथे पांढरी वाइन जमते. तरी तोडणी आठवडाभर लांबली की फरक पडतो. म्हणूनच तोडणी पहाटे होते, घड उन्हाच्या आधी वायनरीत पोहोचतात, लगेच दाबून रस सालीपासून वेगळा करतात आणि थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत सावकाश आंबवतात. टाकी गरम झाली तर यीस्ट धावते आणि सुगंध उडून जातो.

आता सेंद्रिय. या शब्दाभोवती इतके धुके आहे की नियमच सांगितलेले बरे. युरोपात वेलीसारख्या बहुवर्षीय पिकाला रासायनिक शेतीतून सेंद्रियात यायला तीन वर्षे लागतात. त्या काळात प्रमाणपत्र नसते, खर्च मात्र वाढलेला असतो. २०१२ च्या आधी बाटलीवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे, कारण नियम बागेपुरते होते. २०१२ च्या हंगामापासून तळघरातल्या कामालाही नियम लागले आणि ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहायला परवानगी मिळाली. त्यांतला सर्वांत चर्चेचा नियम वाइन टिकवायला घालतात त्या सल्फाइटचा. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये एरवी लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, सेंद्रियात १५०. अमेरिकेत सेंद्रिय वाइन म्हणवून घ्यायचे तर सल्फाइट वरून घालताच येत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची चौकट आहे आणि तिथेही बहुवर्षीय पिकाला तीनच वर्षांचे संक्रमण आहे. या सगळ्या नियमांत अल्कोहोलविषयी एक अक्षर नाही. सेंद्रिय असले तरी मद्य मद्यच. कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध प्रमाणपत्राने पुसला जात नाही. सेंद्रिय वाइन ‘आरोग्याला चांगली’ म्हणून खपवणारी जाहिरात या क्षेत्राच्या अभ्यासकाने सरळ खोटी म्हणावी. सेंद्रियपणाचा फायदा आहे तो मातीला, फवारणी करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांना आणि ओढ्याच्या पाण्याला. तेवढा फायदा मला पुरेसा वाटतो.

सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीची बाग, हाही एक गैरसमज. द्राक्षाच्या वेलीला दोन जुने शत्रू आहेत, केवडा आणि भुरी. भुरी ही बुरशी, केवडा बुरशीसारखा जीव, आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात पोहोचले. भुरीवर गंधक चालतो. केवड्यावर उपाय सापडला तो बोर्दो प्रांतात. मेडॉक भागातले बागायतदार वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारत. त्याच वेलींची पाने केवड्यातून वाचलेली मियार्दे या प्राध्यापकाला दिसली. १८८५ मध्ये त्याने तो उपाय प्रसिद्ध केला. आज नाशिक, सांगली, सोलापूरचा प्रत्येक बागायतदार ‘बोर्डो’ म्हणतो तो हाच.

एक टक्क्याचे बोर्डो कसे करतात ते बागेत उभे राहून पाहावे. एका पिंपात ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद भिजवतात, दुसऱ्यात ५० लिटरमध्ये १ किलो चुना. पिंप लोखंडी चालत नाही. दोन्ही द्रावणे तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतत काठीने ढवळतात. आकाशी रंगाचे घट्टसर पाणी तयार होते. मग विळ्याचे पाते घासून त्यात बुडवतात. पाते तांबूस झाले तर मोरचूद मोकळे राहिले आहे, ते पान जाळेल. चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पुन्हा पाते बुडवायचे. पाते स्वच्छ बाहेर आले की फवारणीला हात लावायचा, आणि त्याच दिवशी संपवायचे. प्रयोगशाळेतली आम्लमापनाची कसोटी शेतकऱ्याने विळ्यावर आणून ठेवली आहे.

हे बोर्डो सेंद्रिय शेतीत चालते. आणि खरी अडचण इथेच आहे, कारण मोरचुदातले तांबे मातीतून जात नाही. वर्षानुवर्षे साचत जाते आणि गांडुळांना जड जाते. म्हणून युरोपात २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. पावसाळी वर्षी तेवढ्यात भागवताना फ्रान्सच्या सेंद्रिय बागायतदारांची दमछाक होते. सक्तीच्या फवारणीचा प्रश्न वेगळाच. २०१३ मध्ये बरगंडीत वेलीचा एक घातक रोग पसरवणाऱ्या तुडतुड्यावर कीटकनाशक मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. बोन गावच्या एमान्युएल जिबुलो या जैवगतिशील बागायतदाराने फवारणीला नकार दिला. एप्रिल २०१४ मध्ये त्याला दंड झाला, डिसेंबरमध्ये अपिलात तो निर्दोष सुटला. शेजाऱ्याची बाग धोक्यात असताना आपली तत्त्वे कुठवर ताणावीत, हा त्या खटल्यातला प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही.

हेच गणित नाशिकला मांडून पाहिले की अभ्यासाचे खरे दार उघडते. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल निजते, पाने गळतात, बुरशीला हिरवे पान मिळत नाही. आपली वेल निजतच नाही. म्हणून आपण तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, फळासाठी. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची निर्मिती होते. त्यानंतरची सगळी पालवी चार महिने मोसमी पावसाखाली उभी असते, फळ एकही नसताना, आणि तरी ती जपावी लागते. पुढे गोडी छाटणीनंतर फुलोरा येतो त्याच सुमारास परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला तर केवडा एका आठवड्यात घड कुजवतो. सॅव्हेनिएरचा सेंद्रिय आराखडा इथे जसाच्या तसा उतरवता येणार नाही, तो या एका कारणाने. त्यातही सगळे नाशिक एकसारखे नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पूर्वेला निफाडकडे त्याचा छोटासा अंश. सेंद्रिय द्राक्ष कुठे शक्य आहे, याचा नकाशा पावसाच्या नकाशावरूनच काढावा लागेल.

आपल्याकडे या दिशेचे काम झालेलेच नाही, असे मात्र नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारात तासगावसारख्या अवर्षणी भागातले द्राक्षबागायतदार जमले. पानावर पडणारे ऊन, मुळाशी सडणारा पालापाचोळा आणि वेलीला खरोखर लागणारे थोडेसे पाणी यांचा हिशेब ते शेतकऱ्यांकडूनच मांडून घेत. तासगाव तालुक्यातच वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या वाणाच्या बागेतून वेगळी वेल निवडून ‘तास-ए-गणेश’ हे वाण दिले. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका ही जात निवडली. यांपैकी कुणी वाइनसाठी काम केले नाही. पण निरीक्षणाने वाण आणि पद्धत घडवण्याची जी परंपरा फ्रेंच गावांच्या नावामागे उभी आहे, ती इथेही आहे, आणि फ्रेंच मळ्यांचे गोडवे गाणाऱ्या आपल्या वाइनलेखनाने तिच्याकडे पाहिलेले नाही. ही उणीव मला फार लागते.

बागेत काय वापरले त्याचा हिशेब मांडायला आपण शिकलो तेही ठेच लागून. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती वाढवण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक. माल अडकला, भाव कोसळले, अनेक घरांचे वर्ष बुडाले. त्यानंतर अंशांच्या तपासणीला आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याला वेगळेच वजन आले. सेंद्रियाचा विचार काही बागायतदारांपर्यंत पहिल्यांदा पोहोचला तो या मार्गाने, निर्यातीच्या धसक्याने. यात कमीपणा काही नाही. फ्रान्सलाही फिलॉक्सेरा किडीने वेली खाल्ल्यावरच अमेरिकन खुंटावर कलम करण्याची वाट सापडली होती, आणि आपण आज डॉगरिजच्या खुंटावर कलमे बांधतो ती त्याच वाटेवरची.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने वाचनाचा क्रम असा ठेवावा, असे मला वाटते : आधी वेलीचे वर्ष, मग बुरशी आणि तांबे, मग वायनरीतली रसायनविद्या, मग कायदा आणि कर, आणि चव अगदी शेवटी. फेब्रुवारीत एकदा तरी कसारा घाट चढून दिंडोरी किंवा निफाडच्या बागेत पहाटेची तोडणी पाहावी. पुस्तकात वाचलेली आम्लता तिथे एक मणी तोंडात टाकल्यावर कळते. जुहूच्या हॉटेलातला पेला त्यानंतर वेगळा दिसेल, घ्या अगर न घ्या.

बागायतदार वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात फवारणीच्या वह्या असतात : तारीख, औषध, प्रमाण, त्या दिवसाचा पाऊस. निर्यातीचे कागद झाले की त्या रद्दीत जातात. त्या टाकू नका. वीस वर्षांच्या अशा शंभर वह्या एकत्र आल्या तर नाशिकच्या कोणत्या शिवारात किती तांब्यावर बाग निभते, हे कोणत्याही परदेशी तज्ज्ञापेक्षा आपल्याला आधी सांगता येईल. जवळच्या कृषी महाविद्यालयात नाहीतर मांजरीच्या केंद्रात त्यांच्या प्रती द्या.